कोर्टाची बेअदबी आणि आमची 'मेहरबानी'

खिळेजुळारी, रात्री ११:२०

परवा माळा आवरताना जुन्या पेपरांचा गठ्ठा निघाला, त्यात एक अंक, पान एक, खाली उजवीकडे काळ्या चौकटीत चार ओळींची 'दिलगिरी'. ती चौकट मीच लिहिलेली आणि ज्या शब्दाबद्दल दिलगिरी तो शब्दही माझाच. म्हटलं धागा काढावा, इथे वकील मंडळी आहेत, इतक्या वर्षांची शंका फिटेल.

तर झालं असं. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या पेपरात डेस्कवर होतो (पेपरचं नाव सांगत नाही, उगाच खोदू नका). आमच्या बातमीदाराने संध्याकाळी बातमी टाकली, नगरपालिका एका बिल्डरचं बांधकाम पाडायला निघाली होती आणि दिवाणी कोर्टाने त्याला स्टे दिला. त्याने बिचाऱ्याने हेडिंग सरळ दिलं होतं, 'बिल्डरला न्यायालयाचा दिलासा'. तीन कॉलमात ते बसेना, म्हणजे बसत होतं पण उजवीकडे भगदाड पडत होतं. पावणेबारा वाजलेले, छपाईची प्लेट करणारा डोक्यावर उभा, मी 'दिलासा' काढला आणि लिहिलं 'बिल्डरवर न्यायालयाची मेहरबानी'. ओळ कशी चपखल बसली. मी खूश होऊन चहाला गेलो.

सकाळी साडेदहाला दोन वकील ऑफिसात, हातात पेपर, हेडिंग वर येईल अशी घडी घातलेला. जजसाहेब हायकोर्टाला कळवणार, कंटेम्प्ट (म्हणजे बेअदबी) होणार, संपादक आणि मुद्रक-प्रकाशक दोघं आत जाणार, असं बरंच काही. मला तोपर्यंत कंटेम्प्ट म्हणजे कोर्टाचा हुकूम न पाळणं एवढंच माहीत. दुसऱ्याच दिवशी दिलगिरी छापली, माझा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि विषय संपला. कोर्टातून शेवटपर्यंत काहीही आलं नाही.

शंका अशी की एका शब्दावर खरंच काही झालं असतं का, की आम्हाला नुसतं भ्या दाखवलं?

---

काळाकोट_नाशिक, रात्री ११:५८

दोन्ही. भ्या दाखवलं हे खरं आणि होऊ शकलं असतं हेही खरं.

तुम्ही म्हणता तो हुकूम न पाळण्याचा झाला दिवाणी अवमान. दुसरा असतो फौजदारी अवमान, १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात कलम २(सी), त्यात कोर्टाची बदनामी करणारं, त्याचा अधिकार कमी लेखणारं किंवा तसं करू पाहणारं कुठलंही लिखाण येतं. 'करू पाहणारं' हे शब्द लक्षात ठेवा, सगळी गोम तिथे आहे. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, दोन हजार दंड, किंवा दोन्ही. पण खालच्या कोर्टाचा जज स्वतः अशी शिक्षा देत नाही, त्याने हायकोर्टाकडे रेफरन्स पाठवायचा किंवा महाधिवक्त्यांनी (राज्य सरकारचे मुख्य वकील) अर्ज करायचा, मग हायकोर्ट बघणार. म्हणजे त्या दोन वकिलांनी दाखवलेला रस्ता बरोबर होता, फक्त तो लांबचा होता आणि तसल्या रस्त्याने फार कमी जज जातात. त्यांना रोजच्या बोर्डातून (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीतून) वेळ नसतो.

आता तुमचा शब्द. निकालावर निर्भीड टीका करायला कलम ५ मुभा देतं. 'दिलासा' हा निकालाचा परिणाम झाला. 'निकाल चुकीचा आहे' लिहिलं असतं तरी चाललं असतं, 'निकाल अगदीच भोंगळ आहे' हेही बहुतेक चाललं असतं. पण 'मेहरबानी' हा निकाल नाही हो, तो जजचा हेतू झाला. कायद्यानुसार नाही तर मर्जीने दिलं, असा अर्थ होतो. शिवी दिली तर कोर्ट कधीकधी हसून सोडतं, हेतू चिकटवला की नाही सोडत.

पंधरा दिवसांचा पगार मात्र अन्याय आहे. तो संपादकाचा कापायला हवा होता.

---

रांगडा_करवीर, सकाळी ७:१२

आयला एका शब्दाला पंधरा दिवस! पण काय वो ताई, आमच्या कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते पण असंच ना? पेपरात लिहिलं म्हणून कोर्टाने आत टाकलं.

---

बोळातलावाडा, सकाळी ८:४०

नाही रे बाबा. १८८२ ची ती केस अब्रूनुकसानीची, कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याबद्दल छापलेल्या पत्रांवरून. चार महिन्यांची शिक्षा, प्रत्यक्षात १०१ दिवस. जजला कोणी काही म्हटलं नव्हतं. ही गल्लत बरेच जण करतात, आमच्या शाळेत मास्तरांनीही केली होती.

आपल्याकडची खरी बेअदबीची केस न. चिं. केळकरांची. आधी संदर्भ सांगतो, कारण त्याशिवाय मजा नाही. १८९७ ला टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी हायकोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर दिनशा दावर. जामीन मिळवून दिला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी मंजूर केला. ११ वर्षांनी, १९०८ ला, तेच दावर न्यायमूर्ती म्हणून समोर बसलेले आणि टिळक परत आरोपी. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी, निकाल ७ विरुद्ध २. रात्र झालेली, २२ जुलै, सहा वर्षं काळं पाणी. आणि शिक्षा सुनावताना दावर टिळकांच्या लिखाणाबद्दल बोलले ते असं की हे रोगट, विकृत मनाचं काम आहे. मुंबईच्या गिरण्या त्यानंतर सहा दिवस बंद होत्या.

आता अशा वेळी पुण्यात बसलेल्या संपादकाने काय लिहावं अशी अपेक्षा आहे? केळकर तेव्हा 'मराठा' चालवत होते. लिहिलं त्यांनी खटल्यावर आणि न्यायाधीशांवर, आणि त्यांना बेअदबीबद्दल १४ दिवस कैद आणि हजार रुपये दंड झाला. हजार रुपये, १९०८ चे.

जजने आरोपीला विकृत म्हणायचं तर ते न्यायदान आणि संपादकाने जजला काही म्हणायचं तर बेअदबी. मला तरी हे कधी पटलं नाही. टिळकांचं 'याहून वरिष्ठ शक्ती आहे' हे वाक्य आज त्याच कोर्टाच्या भिंतीवर कोरलंय, १९५६ ला तेव्हाचे मुख्य न्यायाधीश चागलांनी त्या पाटीचं अनावरण केलं. केळकरांचा दंड कोणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

---

रांगडा_करवीर, सकाळी ८:५५

काका जबरा. चूक मान्य. (आमची दिलगिरी चौकटीत छापावी.)

---

लेकटाउनचा_मराठी, सकाळी १०:०३

मी गेली बारा वर्षं कलकत्त्यात आहे, इथे हा विषय निघाला की लोक सुरेंद्रनाथ बॅनर्जींवर येतात. १८८३. नॉरिस नावाचे इंग्रज न्यायमूर्ती, एका घरगुती वादात देवघरातला शाळिग्राम कोर्टात आणायला लावला. एका दुसऱ्या पेपरात ती बातमी आली, ती वाचून सुरेंद्रनाथ 'बेंगाली' मध्ये भडकले, जजची तुलना जेफ्रीज आणि स्क्रॉग्जशी केली. हे दोघं सतराव्या शतकातले इंग्लंडचे कुप्रसिद्ध जज, म्हणजे आपल्याकडे एखाद्याला घाशीराम कोतवाल म्हणावं तसं. दोन महिने तुरुंग. पाच जजच्या बेंचवर एकच भारतीय, रमेशचंद्र मित्र, ते म्हणाले कैद नको, दंड पुरे. चौघांनी ऐकलं नाही. शहरात हरताळ, पोरांनी दगडफेक केली, त्या पोरांत आशुतोष मुखर्जी होते जे पुढे त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

पण गंमत पुढे आहे. कोर्टात निघालं ते असं की शाळिग्राम आणायला दोन्ही पक्षांची संमती होती, आणि तो कोर्टरूममध्ये नाही तर बाहेरच्या व्हरांड्यात ठेवला होता, कोर्टाच्या पंडिताला विचारून. म्हणजे बातमीच अर्धवट. सुरेंद्रनाथांनी दुसऱ्याच्या पेपरावर विश्वास ठेवला आणि वर आपला मसाला टाकला. हीरो झाले, ते रास्तच, पण डेस्कवर बसून बघितलं तर चूक डेस्कचीच होती ना? खिळेजुळारी भाऊ, तुमची ती 'मेहरबानी' अशीच आहे.

---

खिळेजुळारी, सकाळी १०:३०

मान्य. फक्त माझ्यासाठी हरताळ झाला नाही एवढाच फरक.

---

चहा_कमी_साखर, दुपारी १२:१५

धागा वाचतोय. मला कळत नाही ते असं की हे सगळं इंग्रजांचं होतं, जज त्यांचे, पेपर आपले, म्हणून राग. स्वातंत्र्यानंतर काय? आता तर जजही आपलेच. मग हे कलम ठेवलं कशाला? जजला अब्रूनुकसानीचा दावा लावता येतोच की, सामान्य माणसासारखा. स्वतःच्या संस्थेची बदनामी झाली म्हणून स्वतःच केस चालवायची, स्वतःच ठरवायचं, स्वतःच शिक्षा. शेजाऱ्याशी भांडण झालं आणि शेजारीच पंच.

---

सासवडी_सीताफळ, दुपारी १:०५

स्वातंत्र्यानंतरची पाहिजे ना, घ्या, अस्सल महाराष्ट्रातली.

न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे, आमच्या सासवडचे, मुंबई हायकोर्टात जज. ठाकरसी या गिरणीमालकांनी 'ब्लिट्झ' साप्ताहिकावर अब्रूनुकसानीचा दावा लावला होता, तारकुंड्यांनी तो मान्य करून तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. साठच्या दशकातले तीन लाख, तेव्हा सगळीकडे चर्चा. मग एप्रिल १९६५ मध्ये 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात एक लेख आला, एका कर्जाची गोष्ट अशा थाटाचा. त्यात काय, तर तारकुंड्यांचे भाऊ आणि नातलग ज्या कंपनीत आहेत तिला बँक ऑफ इंडियाकडून दहा लाखांची सवलत मिळाली, आणि त्या बँकेच्या संचालकांत ठाकरसी आहेत. बस. 'जजने पैसे खाल्ले' असं वाक्य कुठेच नाही. एक घटना इकडे, एक घटना तिकडे, मधली रेघ वाचकाने ओढायची.

कोर्टाने ती रेघ बघितली. साप्ताहिकाच्या संपादकाला एक महिना साधी कैद आणि दंड, सुप्रीम कोर्टात अपील गेलं तिथेही १९६८ ला शिक्षा कायम. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, कर्ज आणि निकाल यांचा संबंध होता हे दाखवणारं तुमच्याकडे काय आहे? काही नव्हतं.

आता मला हे दोन्ही बाजूंनी खुपतं. तारकुंड्यांना ओळखणारे लोक आमच्याकडे अजून आहेत, त्या माणसाने १९६९ ला जजपदाचा राजीनामा देऊन उरलेलं आयुष्य नागरी हक्कांसाठी वकिली करण्यात घालवलं, आणीबाणीत जयप्रकाशजींबरोबर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभी केली. त्यांच्या नावावर असली चिखलफेक झाली हे वाईटच. पण ज्या माणसाने पुढे जन्मभर अभिव्यक्तीच्या बाजूने भांडण केलं त्याच्याच अब्रूसाठी एका पत्रकाराला महिन्याची कैद झाली, हे वाचताना घास अडकतो.

चहा_कमी_साखर, तुम्ही म्हणता जजने दावा लावावा. लावला असता आणि समोरच्याने पंधरा वर्षं तारखा घेतल्या असत्या तर तेवढी वर्षं तो जज रोज डायसवर बसून निकाल देणार, आणि समोरचा पक्षकार मनात म्हणणार, हा तोच का तो कर्जवाला? जज पत्रकार परिषद घेऊ शकत नाही, पेपरला खुलासा पाठवू शकत नाही. ही अडचण खरी आहे.

---

चहा_कमी_साखर, दुपारी १:२२

अडचण खरी पण औषध जालीम. आणि जालीम औषध सगळ्यांना सारखं मिळतं असंही नाही. शिवशंकर म्हणून केंद्रात मंत्री होते, १९८७ ला हैदराबादेत वकिलांसमोर भाषणात म्हणाले की परकीय चलनाचा कायदा मोडणारे, सुना जाळणारे आणि कुठले कुठले प्रतिगामी यांना सुप्रीम कोर्टात आसरा मिळालाय. सुना जाळणारे! कोर्टाने १९८८ ला सांगितलं, अवमान नाही, स्वतः हायकोर्टाचे माजी न्यायाधीश आहेत, अभ्यासातून बोललेत. मंत्री बोलला तर अभ्यास, डेस्कवरचा माणूस बोलला तर पंधरा दिवसांचा पगार.

---

काळाकोट_नाशिक, दुपारी २:४०

कोर्टातून आत्ता आले, डबा खाता खाता टायपतेय.

शिवशंकर केस वाचून मलाही कॉलेजात हसू आलं होतं. पण मंत्री नेहमीच सुटतात असं नाही. नंबुद्रीपाद केरळचे मुख्यमंत्री असताना १९६७ ला पत्रकार परिषदेत म्हणाले की जज वर्गद्वेषाने वागतात, फाटक्या कपड्यातला गरीब आणि गलेलठ्ठ श्रीमंत समोर आले तर त्यांचा कल आपोआप श्रीमंताकडे जातो. पेपरांनी छापलं. हायकोर्टाने हजार रुपये दंड केला. सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी निकालात मार्क्स-एंगल्सची चर्चा केली, म्हणाले तुम्हाला मार्क्स नीट कळलेला नाही, दोषी कायम, पण दंड केला पन्नास रुपये! मला हा निकाल फार आवडतो. कम्युनिस्ट मुख्यमंत्र्याला मार्क्स चुकीचा वाचलास म्हणून पन्नास रुपये.

खरा मुद्दा मात्र वेगळाच. बरीच वर्षं 'मी लिहिलं ते खरं आहे' हा बचाव म्हणून धड मानलाच जात नव्हता. खरं असो खोटं असो, कोर्टाची प्रतिमा मलिन झाली की झालं. २००६ ला कायदा बदलला, कलम १३ मध्ये घातलं की लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे मांडलेलं सत्य कोर्ट बचाव म्हणून मान्य करू शकेल. 'करेल' नाही हां, 'करू शकेल'.

आणि हा बचाव प्रत्यक्षात किती मिळतो? 'मिड-डे' पेपरचं बघा. एका निवृत्त सरन्यायाधीशांच्या मुलांचा धंदा आणि दिल्लीत दुकानांना टाळं ठोकायचे (सीलिंगचे) आदेश यावर लेख आणि व्यंगचित्र. सप्टेंबर २००७ ला दिल्ली हायकोर्टाने चौघांना चार-चार महिने सुनावले, व्यंगचित्रकारालाही. आमच्याकडे कागद आहेत हे त्यांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि मग २०१७ च्या जानेवारीत निकाल रद्द केला, कारण काय, तर सुप्रीम कोर्टाच्या अवमानाबद्दल हायकोर्टाला शिक्षा देता येत नाही. सुटले, पण जवळजवळ दहा वर्षांनी, आणि कागद खरे का खोटे हा प्रश्न तसाच पडून राहिला.

त्याहून कहर अरुण शौरींची केस. ऑगस्ट १९९० ला 'इंडियन एक्सप्रेस' मध्ये अग्रलेख, कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या अहवालावर. निकाल कधी, जुलै २०१४! पाच जजचं घटनापीठ, म्हणाले चौकशी आयोग म्हणजे कोर्ट नव्हे, त्यामुळे अवमान नाही. चोवीस वर्षं. त्या काळात अग्रलेखाचा कागद पिवळा पडून तुकडे झाले असतील.

---

टेम्सकाठचा_बंड्या, संध्याकाळी ६:१०

इकडची थोडी भर घालतो, नाहीतरी बेअदबी इथूनच तुमच्याकडे आली.

१८९९ ला प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींसाठीचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) एका वेस्ट इंडीजच्या केसमध्ये सांगितलं की हा गुन्हा इंग्लंडात आता जवळपास मेला आहे, पण छोट्या वसाहतींत, जिथे मुख्यतः काळे लोक राहतात, तिथे कोर्टाची इज्जत राखायला तो लागू शकतो. असं चक्क लिहिलंय. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९००, बर्मिंगहॅमच्या एका संपादकाने जस्टिस डार्लिंगवर लिहिलं. प्रकरण असं की डार्लिंगने एका अश्लीलतेच्या खटल्याआधी पेपरवाल्यांना दम दिला होता, तपशील छापाल तर याद राखा. संपादक ग्रे चिडला, त्याने जजला घोड्याच्या केसांचा टोप घातलेला उद्धट बुटका, घमेंड आणि रिकाम्या डोक्याचा नमुना असं काहीतरी लिहिलं. १०० पौंड दंड, वर २५ पौंड खर्च. मेलेला गुन्हा उठून बसला, तोही गोऱ्या माणसासाठी.

१९८७ ला 'डेली मिरर' ने स्पायकॅचर (एका माजी गुप्तहेराच्या आठवणींचं पुस्तक) निकालानंतर तीन लॉ लॉर्डांचे, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या जजचे फोटो उलटे छापले, खाली डोकं वर पाय, हेडिंग 'यू फूल्स'. काहीही कारवाई नाही. २०१३ ला इथे हा प्रकार गुन्हा म्हणून कायद्यानेच रद्द झाला. आणि तीन वर्षांनी ब्रेक्झिटच्या निकालावर 'डेली मेल' ने तीन जजचे फोटो लावून छापलं 'जनतेचे शत्रू'.

तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो, समोरच्या माणसाच्या हातात तो पेपर, तीन टोपवाले चेहरे माझ्याकडे बघतायत. खरं सांगू, मला ते बघून बरं नाही वाटलं. कायदा गेला याचा मला आनंदच होता, पण त्या दिवशी जरा डळमळलो. मिररने अक्कल काढली होती, मेलने निष्ठाच काढली.

---

बोळातलावाडा, संध्याकाळी ७:३५

बंड्या, 'छोट्या वसाहतींत काळे लोक' हे वाचून चष्मा काढून पुसला. म्हणजे आम्हाला तो कायदा दिला तो आम्ही तेवढे मोठे झालो नव्हतो म्हणून.

माफीचं कोणी बोललं नाही अजून. गांधीजींनी १९१९ ला 'यंग इंडिया' त अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीश केनेडींचं हायकोर्टाला गेलेलं पत्र छापलं, वर टिप्पणी केली. सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांबद्दलचं पत्र होतं ते, आणि प्रकरण कोर्टात चालू होतं. कोर्टाने माफीचा मसुदा पुढे केला, एवढं छापा, संपलं. गांधी म्हणाले, परत वेळ आली तर परत हेच करीन, मग माफी खोटी होईल. मार्च १९२० मध्ये मुंबई हायकोर्टाने दोषी ठरवलं आणि शिक्षा काय, कडक समज. गांधी आणि प्रकाशक महादेवभाई देसाई दोघांना. समज घेऊन घरी.

केळकरांना चौदा दिवस, गांधींना समज. त्यामुळे शिक्षा शब्दाला होते का माणसाला, काळाला होते का जजच्या त्या दिवशीच्या मूडला, यावर माझा तरी अजून निर्णय झालेला नाही.

---

काळाकोट_नाशिक, रात्री ९:०२

काका, मूडपेक्षा माफी. प्रॅक्टिसमध्ये नव्वद टक्के प्रकरणं बिनशर्त माफीवर मिटतात (टक्का माझ्या अंदाजाचा हं, कुठे कोट करू नका). पण माफी पहिल्या तारखेला द्यायची. आधी लढायचं, हरतोय दिसलं की माफी, हे जजना लगेच कळतं. आणि प्रतिज्ञापत्रात 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' असं राजकारण्यांसारखं लिहू नका, तो 'असल्यास' वाचून जज चष्म्यावरून बघतात.

खिळेजुळारी, तुमच्या दिलगिरीत 'असल्यास' होतं का?

---

खिळेजुळारी, रात्री ९:४०

अंक समोरच आहे. जशीच्या तशी उतरवतो. 'कालच्या अंकात अनवधानाने प्रसिद्ध झालेल्या शीर्षकातील एका शब्दामुळे माननीय न्यायालयाचा अनादर झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' आहे 'असल्यास'. आणि 'अनवधानाने' हे खोटं, मी पूर्ण अवधानाने टाकला होता तो शब्द.

ताई, तुम्ही म्हणालात ना हेतू. खरं सांगतो, मला त्या जजसाहेबांचं नावही माहीत नव्हतं, निकाल वाचलेला नव्हता, मला फक्त उजवीकडचं भगदाड बुजवायचं होतं. हेतूचा आरोप मी बिनहेतूने केला. हे कुठल्या कोर्टात सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं का कोण जाणे.

---

रांगडा_करवीर, रात्री ९:५१

ते सगळं र्‍हाऊ द्या, त्या बिल्डरचं काय झालं शेवटी?

---

खिळेजुळारी, रात्री १०:०५

वर्षभराने वरच्या कोर्टात स्टे उठला. बातमी रात्री माझ्याच टेबलावर आली. हेडिंग दिलं 'पाडकामाची स्थगिती उठली'. एक कॉलम, पान पाच. संपादक खाली प्रेसमध्ये येऊन उभ्या उभ्या तीनदा वाचून गेले, आणि जाताना म्हणाले, 'उठली' च्या जागी 'रद्द' कर, उठलीत जरा आनंद दिसतोय.